बोर्डावरचा भाऊ

माझा भाऊ मेला आणि त्याच आठवड्यात तुम्ही त्याला पुन्हा टांगलात.

तुम्ही त्याला मारलंत असं मी म्हणत नाही, साहेब. तो शिडीवरून पडला, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ते मी तुमच्या माथी मारणार नाही. पण पडण्याआधी त्याने जो बोर्ड अर्धा फाडला होता, तो तुम्ही उतरवला नाहीत. नवा छापून आणलात. तोच फोटो, तोच पदवीदानाचा काळा झगा, तेच हसू, खाली तुमच्या कॉलेजचं नाव आणि ते वाक्य, 'आज प्रवेश, उद्या यश'. आमच्या घरातलं रडणं थांबलं नव्हतं आणि समोरच्या इमारतीवर तुमची माणसं दोर आवळत होती. त्यातल्या एकाने खालच्याला विचारलं, चेहरा सरळ आलाय का? खालचा म्हणाला, एकदम सरळ.

हे मी स्वतः ऐकलं. आमच्या फोटो स्टुडिओचं दार त्या बोर्डाच्या बरोबर समोर आहे.

काल तुम्ही त्याच दारातून आत आलात आणि माझ्या मुलीचा चेहरा मागितलात. परवा पुन्हा येणार आहात. त्याआधी मला तुमच्याकडून एक उत्तर हवं आहे. काल विचारलं तेव्हा तुम्हाला घाई होती, म्हणून हे लिहून काढते आहे. माझं शिक्षण बेताचं, शाळा मधेच सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं मी गिऱ्हाइकांची वाट बघत, काउंटरवर बसून शिकले. तेव्हा भाषा गोड नसेल. गोड भाषा तुमच्या माहितीपत्रकात भरपूर आहे.

आमचा धंदा फोटोचा. बाबा फोटो काढायचे, आई डार्करूममध्ये धुवायची, मी सुकवायची आणि माझा धाकटा भाऊ दिव्याचा स्टँड धरून उभा राहायचा. त्याला पाय फुटले तेव्हापासून त्याच्याकडे हेच काम. म्हणून बाबा त्याला उजेड्या म्हणायचे, मग सगळा रस्ता तेच म्हणायला लागला. लग्नाकार्याच्या फोटोंना जाताना तो जड स्टँड त्याच्या उजव्या खांद्यावर असायचा. वाढत्या वयातला खांदा तो, खाली गेला तो गेलाच. उजेड्या उभा राहिला की एका बाजूने कोणीतरी त्याला खाली ओढतंय असं वाटायचं.

आमच्या स्टुडिओची एक रीत होती. डिग्रीचा फोटो आम्ही डिग्री मिळाल्यावर काढत नसू, प्रवेश झाला त्याच दिवशी काढत असू. ही बाबांची अक्कल. ते आईबापांना समजावायचे की डिग्री मिळाली की पोरगं नोकरीच्या गावाला जाणार, तेव्हा फोटो काढायला त्याला फुरसत कुठली, आत्ता काढून भिंतीवर लावा. लोकांना ते पटायचं. स्टुडिओत एक काळा झगा होता, एक चौकोनी टोपी होती आणि हातात धरायला एक गुंडाळी. ती गुंडाळी म्हणजे मागच्या वर्षाचं कॅलेंडर, वरून लाल फीत. सगळ्यांना तोच झगा. पहिला तास व्हायच्या आधीच पोरं पदवीधर होऊन घरच्या भिंतीवर जायची. यात काही वाकडं आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

उजेड्याला तुमच्या कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा स्टुडिओमागची खोली विकावी लागली. आम्ही राहायचो ती खोली. मग आम्ही स्टुडिओतच झोपायला लागलो, रंगवलेल्या पडद्याखाली. पडद्यावर बाग होती, संगमरवरी जिना होता, कारंजं होतं. उजेड्या म्हणायचा, ताई, लोक आपल्या बागेत फोटोपुरते येतात, आपण मुक्कामाला आहोत. मी माझ्या शाळेचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, एक शिकला की तो बाकीच्यांना वर ओढेल. ते खोटं बोलत नव्हते. तुमच्या सभेत तुम्ही जे बोलला होतात तेच ते घरी येऊन बोलत होते, शब्द न शब्द.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी आई झगा मांडीवर घेऊन काहीतरी टाचत बसली होती. बटण तुटलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

फोटो असा आला की बाबा तो धुतल्यावर कितीतरी वेळ हातात धरून बसले. उजेड्या ताठ उभा होता. दोन्ही खांदे एका रेषेत, हातात कॅलेंडर, चेहऱ्यावर असं हसू की जग याच्याच बापाचं. बाबांनी तो मोठा करून शोकेसमध्ये लावला. तिथून तो तुम्ही पाहिलात. आत येऊन म्हणालात, हा चेहरा आम्हाला द्या. बाबांनी फुकट दिला, वर तुम्हाला चहा पाजला.

तुमच्याकडे एक दिवसही न शिकलेला मुलगा तुम्ही 'आमचा यशस्वी विद्यार्थी' म्हणून इमारतीएवढा करून लावलात. तो तेव्हा वह्यांना कव्हरं घालत होता.

तो शिकला. मन लावून शिकला, हे तुमच्याच मास्तरांना विचारा. व्यवस्थापन असं विषयाचं नाव होतं. कशाचं व्यवस्थापन, हे मला त्याने बऱ्याचदा समजावलं आणि मला कधी समजलं नाही. डिग्री मिळाली. आणि मग तो रोज चांगला शर्ट घालून बाहेर पडायचा आणि परत यायचा. मुलाखतीला गेला की समोरचे एकमेकांकडे बघून हसायचे. अरे, बोर्डावरचा तो तूच ना? मग तुला आमची काय गरज? एका कचेरीत तर त्याला आतून माणसं बोलावून बोलावून दाखवलं आणि नोकरी दुसऱ्याला दिली. आमच्या शेजारचा पंक्चरवाला रोज संध्याकाळी त्याला हटकायचा, काय बोर्डावरचे साहेब, आज तरी खाली उतरलात का? पंक्चरवाल्याच्या मनात पाप नव्हतं. पुढे तो चेष्टा करायचीच विसरला, ते का ते सांगते.

शेवटी नोकरी दिलीत तुम्हीच. प्रवेशाच्या खिडकीवर. आलेल्या आईबापांनी आधी बोर्ड बघायचा, मग खिडकीतला माणूस बघायचा आणि पटकन सही करायची, अशी ती नोकरी. तुमच्या डिग्रीने माझ्या भावाला एकच काम मिळवून दिलं, ते म्हणजे तुमची डिग्री विकण्याचं. तो ते चांगलं करायचा. झुकलेला खांदा लपवायला खिडकीच्या चौकटीला टेकून बसायचा.

एक दिवस एक मुलगी खिडकीशी आली. काही वर्षांपूर्वी त्यानेच तिला प्रवेश दिला होता. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. डिग्रीची फाइल छातीशी धरून म्हणाली, दादा, मी तुम्हाला बघून आले होते, आता काय करू तेवढं सांगा. त्याने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं शोकेसची काच पुसत होतो. तो म्हणाला, मी तिला पाणी दिलं, ताई. दुसरं माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्यानंतर तो तुमच्याकडे आला होता. बोर्ड उतरवा म्हणाला. तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे.

"अरे, तो चेहरा आता तुझा राहिलाय कुठे? तो संस्थेचा झाला."

हे वाक्य तो घरी घेऊन आला. जेवताना ते आमच्यात बसलेलं असायचं. तो आरशासमोर दाढी करताना मधेच थांबायचा, गालाला हात लावून बघायचा. आई विचारायची, काय रे, कापलं का? तो म्हणायचा, नाही, आहे का तेवढं बघतोय.

आणि मग ती दुपार. त्याने स्टुडिओतली शिडी घेतली, पत्रा खरवडायची पट्टी घेतली आणि समोर गेला. रस्ता भरलेला होता. कोणी त्याला अडवलं नाही, कारण तो तुमचा नोकर होता आणि बोर्ड तुमचा होता. सगळ्यांना वाटलं, कॉलेजचं काम करतोय, नवा बोर्ड लावतोय. पंक्चरवाल्याने जाऊन शिडी धरली. वरून फ्लेक्सच्या चिंध्या खाली पडायला लागल्या तेव्हा तो खालून ओरडून सांगत होता, डावीकडून ओढ, सगळा एकदम निघेल. त्याने मदत केली, साहेब. उजेड्याने झगा फाडला, गळा फाडला, हनुवटीपर्यंत आला. त्यापुढे हात पुरेना म्हणून त्याने शिडीची पायरी सोडून बोर्डाच्या लोखंडी चौकटीवर पाय दिला. लोखंड गंजलेलं होतं.

पंक्चरवाला अजून दुकान चालवतो, पण समोरच्या बाजूला तोंड करून बसत नाही.

आणि मग तुम्ही नवा बोर्ड लावलात. चौकट मात्र नवी, भक्कम बसवलीत.

फ्लेक्स कसा मरतो ते तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही गाडीतून जाता. उन्हाने आधी लाल रंग जातो, मग पिवळा. वर्ष सरत आलं की माझ्या भावाचे गाल निळे पडतात, ओठ निळे पडतात, डोळे तेवढे राहतात. वारा आला की कापड फुगतं आणि छाती वरखाली होते. शोकेसच्या काचेत तो सगळा उमटतो. मी गिऱ्हाइकाशी बोलत असते तेव्हा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे तो असतो, निळा, हसणारा. आणि प्रवेशाचे दिवस आले की तुमची माणसं येतात, निळा उतरवतात आणि ताजा लावतात. दरवर्षी माझा भाऊ पुन्हा तरुण होतो. माझे केस पांढरे झाले. आई त्याच्याकडे बघत बघतच गेली. शेवटी शेवटी ती खुर्ची दारात ओढून बसायची आणि त्याला विचारायची, जेवलास का?

त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. बाबांमागे कॅमेरा माझ्या हातात आला, तेव्हापासून आत स्टुडिओतही तो यायला लागला होता. झगा घालून कोणीही समोर उभं राहिलं, मुलगा असो, मुलगी असो, लठ्ठ असो की काडीपैलवान, कॅमेऱ्यातून बघितलं की उजवा खांदा किंचित वर. ताणलेला. खाली पडू नये म्हणून कोणीतरी आतून उचलून धरल्यासारखा. मी म्हणायची, खांदा सैल सोडा. ते म्हणायचे, सैलच आहे. मी डोळे चोळून पुन्हा बघायची, तो वरच. तुमच्याकडे आलेली सगळी पोरं माझ्या कॅमेऱ्यात माझ्या भावासारखी उभी राहिलेली मी पाहिली आहेत. मला वाटायचं, माझं डोकं फिरलंय. मी तो झगा बंद पेटीत घातला आणि नवा शिवून घेतला.

आता माझ्या मुलीविषयी. तिला आम्ही बारकी म्हणतो. तिचे वडील कामाला म्हणून दूर गेले आणि दूरच राहिले, ते असो. बारकीने मामाला बोर्डावरच पाहिला. बोलायला लागली तेव्हा बोर्डाकडे बोट करून मामा म्हणायची, शाळेत जाताना त्याला हात करायची. बाकी पोरं चिडवायची, तुझा मामा फ्लेक्सचा. ती म्हणायची, तुमचे मामा एवढे मोठे आहेत का? आता ती बोर्डावरच्या त्याच्याच वयाची झाली आहे. तेच नाक, तीच हनुवटी. दारात उभी राहिली की मला दोन दिसतात.

ती दवाखान्याच्या एक्स-रे खोलीबाहेर बसते. रुग्णांचे नंबर लावते, लोकांना दागिने काढून ठेवायला सांगते. आत जाण्यासाठी शिकायला हवं. तो अभ्यासक्रम या भागात फक्त तुमच्याकडे आहे. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी हातातलं भांडं आपटलं. म्हटलं, एक माणूस दिला तेवढा पुरे. आठवडाभर आम्ही धड बोललो नाही. मग एका सकाळी केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "आई, मामाच्या डिग्रीने कशालाच हात लावता येत नव्हता. माझ्या डिग्रीने मशीनला हात लावता येईल. मशीन खरं असतं."

मी डिग्रीच्या विरोधात नाही, साहेब. असा सोपा राग मला परवडत नाही. तिच्या कामाला डिग्री लागते हे मला मान्य आहे. तरी मला झोप लागत नाही, कारण मशीनच्या खोल्या किती आणि तुम्ही दरसाल पोरं किती घेता, हे मी बारकीला विचारलं तेव्हा तिने डबा उचलला आणि कामावर गेली.

आणि काल तुम्ही आलात. तुम्हीही म्हातारे झालात. चहा घेतलात. म्हणालात, तो जुना फोटो आता बदलायचा आहे, काळ बदललाय, बोर्डावर मुलगी हवी. मग बारकीकडे बघत राहिलात. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही हसलात. म्हणालात, चेहरा घरचाच आहे की, लोकांना ओळखीचा वाटेल. बदल्यात हिची सगळी फी माफ.

मी तुम्हाला दार दाखवणार होते. पण बारकी मला पडद्यामागे घेऊन गेली, त्या रंगवलेल्या बागेच्या मागे. कुजबुजत म्हणाली, "मामाला खाली आणायचा हाच एक रस्ता आहे, आई. मी वर गेले की तो उतरेल."

हेच शब्द बाबांचे होते, फक्त उलटे करून घातलेले. एक वर गेला की बाकीचे. आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्यासाठी त्या भिंतीवर चढायला तयार आहे आणि तुम्ही खाली चहा पीत वाट बघता.

नवा झगा धुवायला गेला होता. तुम्हाला फोटो लगेच हवा होता. बारकीने पेटीतून जुना काढला आणि अंगावर चढवला. मी कॅमेऱ्याच्या मागे गेले आणि बघितलं. उजवा खांदा वर. हनुवटी तीच. उजेड्या उभा होता.

तेवढ्यात बारकी म्हणाली, "आई, यात काहीतरी आहे." आणि तिने खांद्याच्या अस्तरात बोटं घातली.

मी कात्रीने टाके उसवले. आत एक गादी निघाली, तळहाताएवढी, पडद्याच्या उरलेल्या कापडाची, घट्ट टाके घातलेली. टाके आईचे. तिने पोराचा झुकलेला खांदा फोटोपुरता सरळ केला होता आणि ती गादी काढायची विसरली होती. किंवा काढवली नसेल. भूत नव्हतं, साहेब. एका आईने आपलं पोर तुमच्या लायक दिसावं म्हणून भरलेलं कापड होतं. तेच तुम्ही इमारतीएवढं करून लावलंत. ज्या सरळ खांद्याकडे बघून पोरं तुमच्याकडे आली, तो खांदा सरळ नव्हताच.

ती गादी मी तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. तुम्ही विचारलंत, हे काय? मी सांगितलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. मग मी तो प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, बाई, इतका नकारात्मक विचार बरा नाही, शिक्षण कधी वाया जात नाही. मी म्हटलं, मी शिक्षणाचं विचारलं नाही, मी बोर्डाचं विचारलं. तुम्ही म्हणालात, तीन दिवसांनी येतो, मुलीला तयार ठेवा.

गादी काढल्यावर झगा बारकीच्या अंगावर सरळ बसला. ती बराच वेळ तो घालून आरशासमोर होती. ती जायला तयार आहे. मी तिला अडवलं तर ती उद्याही नंबरच लावत राहील आणि तो समोर पुन्हा निळा पडायला लागेल. मी तिला सोडलं तर परवा मीच, या हाताने, माझ्या पोरीचा तसा फोटो काढीन, हातात कॅलेंडर देऊन, पहिल्या तासाच्या आधी.

कॅमेरा मी स्टँडवरून उतरवलेला नाही. दिवाही तिथेच आहे. गादी काउंटरवर आहे, तुम्ही बसाल तिथून दिसेल अशी. म्हणून प्रश्न पुन्हा विचारते, या वेळी लिहून, म्हणजे घड्याळ बघून सुटता येणार नाही.

समजा, माझी मुलगी तुमच्याकडे शिकली, पास झाली, डिग्री घेऊन दारोदार फिरली आणि तिला कोणी मशीनला हात लावू दिला नाही, आणि मग ती तुमच्यासमोर येऊन म्हणाली की साहेब, माझा चेहरा खाली उतरवा. त्या दिवशी तुम्ही शिडी लावून स्वतः वर चढाल का?

हो किंवा नाही. बोला.